एकच वेळ, अनेक नोंदी : ‘प्रथम’ ठरतो तरी कसा?

बोळिंज (विरार) : विरार पश्चिमेकडून बोळिंजच्या दिशेने निघाले, की म्हाडाच्या उंच इमारती लांबूनच नजरेत भरतात. कोकण गृहनिर्माण व क्षेत्रविकास मंडळाने उभारलेल्या या वसाहतीतील घरांची संख्या दहा हजारांच्या घरात आहे. त्यांपैकी पाच हजारांहून अधिक घरे कित्येक वर्षे विक्रीविना पडून राहिली होती. मुंबईपासूनचे अंतर, किमती आणि पाण्याची टंचाई अशी त्याची कारणे सांगितली जात. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेच्या रोजच्या ४०३ दशलक्ष लिटर पाण्यापैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारच्या वाट्याचे; २०२३ च्या अखेरीस ते येऊ लागले आणि पाण्याची तक्रार सौम्य झाली. तथापि सोडतीमागून सोडत काढूनही घरे उरतच होती. म्हणून मंडळाने येथील उरलेल्या घरांसाठी ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ हा मार्ग अवलंबिला.

सोडतीत नशिबाचा कौल असतो आणि तो सर्वांना कळतो. ‘प्रथम प्राधान्या’त मात्र निर्णय वेळेवर सोपविलेला असतो. अर्ज कागदावर घेऊन खिडकीसमोर रांग लावायची असती, तर पुढे कोण उभा आहे हे डोळ्यांना दिसले असते. ऑनलाइन अर्जात रांग दिसत नाही. पहिल्याने कळ दाबली आणि दुसऱ्यानेही त्याच क्षणी दाबली, दोघांच्या पावतीवर तास, मिनिट आणि सेकंद अगदी तंतोतंत सारखे उमटले, तर ‘प्रथम’ कोणाला म्हणायचे?

प्रश्न केवळ बोळिंजचा नाही. गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि काही क्षणांत संपते, तेव्हाही हाच प्रश्न असतो. सकाळी दहाच्या ठोक्याला वातानुकूलित डब्यांचे आणि अकराला साध्या शयनयानाचे ‘तत्काळ’ तिकीट काढू पाहणाऱ्यांच्या मनातही तोच असतो. या साऱ्या व्यवस्थांच्या पोटात एक डेटाबेस असतो, त्यात तक्ते असतात आणि तक्त्यात एकाच वेळेचा शिक्का असलेल्या अनेक ओळी येऊन बसतात. त्या ओळींचे पुढे काय होते, हे समजून घेतले तर आपला अर्ज कोणत्या नियमाने मागे पडला वा पुढे गेला हे विचारणे सोपे जाते.

शिक्का वेगळा, क्रमांक वेगळा

सरकारी कचेरीतील आवक-जावक विभाग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या विषयाचे मर्म सांगण्याची फारशी गरज नाही. आलेल्या प्रत्येक अर्जावर कारकून रबरी शिक्का मारतो. दिवसभरात शंभर अर्ज आले, तरी शंभरांवर तारीख एकच. त्या तारखेवरून कोणता अर्ज आधी आला हे कोणालाही सांगता येणार नाही. ते सांगतो शेजारी शाईने लिहिलेला आवक क्रमांक. तारीख आणि क्रमांक ही दोन निराळी कामे आहेत, हे जुन्या कार्यालयीन व्यवस्थेने फार पूर्वी ओळखले होते. १९०८ च्या नोंदणी अधिनियमात दस्त सादर झाल्याचा दिवस, तास आणि ठिकाण दस्तावर लिहिण्याची तरतूद कलम ५२ मध्ये आहे, तर नोंदवहीतील नोंदींना ओळीने अनुक्रमांक देण्याची आणि दरवर्षी नवी मालिका सुरू करण्याची तरतूद कलम ५३ मध्ये स्वतंत्रपणे आहे. तास लिहिला म्हणून क्रमांकाची गरज संपली, असे कायदा करणाऱ्यांना वाटले नाही.

संगणक आला आणि ही दोन कामे एकात मिसळण्याचा मोह सुरू झाला. संगणकाचे घड्याळ इतके बारीक, की वेळच क्रम सांगेल, अशी समजूत रूढ झाली. टाइमस्टॅम्प म्हणजे संगणकाने मारलेला वेळेचा शिक्का. तो कितीही बारीक अक्षरांत असला, तरी शेवटी शिक्काच.

त्यात भर म्हणून डेटाबेसचा आणखी एक स्वभाव आहे, जो सामान्य वापरकर्त्यालाच नव्हे तर कित्येक नवशिक्या प्रोग्रामरांनाही चकवतो. वहीतील ओळींना वरून खाली असा क्रम असतो. डेटाबेसच्या तक्त्यातील ओळींना तो नसतो. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी मांडलेल्या ज्या संकल्पनेवर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत, तिच्यात तक्ता म्हणजे नोंदींचा संच, एवढेच मानलेले आहे. पोत्यात भरलेल्या सुपाऱ्यांना पहिली-दुसरी नसते, तसे ते. यादी हवी असेल तर कोणत्या रकान्यानुसार लावायची हे दर वेळी सांगावे लागते. ‘वेळेनुसार लाव’ एवढेच सांगितले आणि दहा ओळींची वेळ सारखी निघाली, तर त्या दहा ओळी आपसांत कोणत्याही क्रमाने देण्यास डेटाबेस मोकळा असतो. आज एका क्रमाने देईल, उद्या दुसऱ्या.

याचा त्रास कोठे होतो पाहा. समजा, पात्र अर्जदारांची यादी संकेतस्थळावर दर पानाला पन्नास नावे अशी दाखविली जाते. पन्नासावा आणि एक्कावन्नावा अर्ज एकाच वेळेचे आहेत. पहिले पान मागितले तेव्हा डेटाबेसने एकाला पन्नासावा ठरविले. दुसरे पान मागितले तेव्हा त्यालाच एक्कावन्नावा. परिणामी त्याचे नाव दोन्ही पानांवर येते आणि दुसऱ्याचे कोठेच नाही. ज्याचे नाव गेले त्याला कोणी तरी हात मारला असेच वाटणार. प्रत्यक्षात कोणी काहीही केलेले नसते. क्रम लावताना वेळेच्या जोडीला दुसरा रकाना सांगायचा राहून गेलेला असतो.

एका व्यवहाराला एकच वेळ

मात्र अनेक ओळींची वेळ सारखी असणे हा दरवेळी दोषच असतो असे नव्हे. किंबहुना पुष्कळदा ती मुद्दाम सारखी ठेवावी लागते.

घराचा एक अर्ज म्हणजे डेटाबेसमधील एकच ओळ नसते. मुख्य अर्जदाराची एक ओळ, सहअर्जदाराची दुसरी, निवडलेल्या घराची तिसरी, भरलेल्या अनामत रकमेची चौथी. माणसाच्या दृष्टीने ही एकच घटना; तिची वेळही एकच असायला हवी. आता समजा, अर्जाची मुदत रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत आहे आणि प्रोग्रामरने प्रत्येक ओळ घालताना घड्याळ नव्याने पाहण्याची सूचना दिली आहे. शेवटच्या क्षणी आलेल्या अर्जाच्या पहिल्या तीन ओळी ११ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंदांना लागल्या आणि चौथी, म्हणजे पैशांची, सेकंदाचा काही अंश उलटल्यावर बाराच्या पुढे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तारखेनुसार काढलेल्या अहवालात ते कुटुंब ‘अनामत न भरलेले’ म्हणून येणार. पैसे भरले आहेत, पावती आहे, तरीही.

यावरचा उपाय सोपा आहे. घड्याळ एकदाच पाहायचे, ती वेळ बाजूला टिपून ठेवायची आणि चारही ओळींना तीच द्यायची. निरनिराळ्या डेटाबेसांनी ही सोय आपापल्या परीने आधीच केली आहे. पोस्टग्रेसमध्ये ‘नाऊ’ हे फलन विचारले असता चालू क्षण मिळत नाही, तर तो व्यवहार ज्या क्षणी सुरू झाला तो क्षण मिळतो. व्यवहार संपेपर्यंत किती वेळा विचारले तरी उत्तर बदलत नाही. एका व्यवहारातील सर्व बदलांवर एकच वेळ यावी यासाठी हे जाणूनबुजून केले आहे, असे त्याच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत म्हटले आहे. खरोखरचा चालू क्षण हवा असेल तर ‘क्लॉक टाइमस्टॅम्प’ हे वेगळे फलन आहे. मायएसक्यूएलमध्ये ‘नाऊ’ एका आज्ञेपुरते स्थिर असते; एकाच आज्ञेत शंभर ओळी घातल्या तर शंभरांना एकच वेळ मिळते, पण शंभर वेगळ्या आज्ञा दिल्या तर प्रत्येकीची वेळ निराळी असू शकते. तेथे ‘सिसडेट’ दर वेळी नव्याने घड्याळ पाहते. एका डेटाबेसवर चाललेली प्रणाली दुसऱ्यावर हलविताना हा फरक लक्षात घेतला गेला नाही, की वरवर काहीही न बिघडता नोंदींचा अर्थ बदलतो.

या सोयीची एक अडचण आहे. वेळ व्यवहाराच्या आरंभाची, पण ओळी इतरांना दिसतात त्या व्यवहार पूर्ण झाल्यावर. एखादा व्यवहार आधी सुरू होऊन उशिरा पूर्ण झाला, तर त्याच्या ओळी मागच्या वेळेचा शिक्का घेऊन नंतर अवतरतात. अर्जदारांना एसएमएस पाठविणारा प्रोग्राम दर मिनिटाला ‘मागील वेळी पाहिलेल्या शेवटच्या वेळेनंतरच्या ओळी’ उचलत असेल, तर अशा ओळी त्याच्या हातून कायमच्या निसटतात. त्याच वेळेच्या पण क्षणभर मागाहून दिसलेल्या ओळीही निसटतात. ‘त्या वेळेच्या आणि त्यानंतरच्या’ अशी सूचना केली, तर काहींना तोच एसएमएस पुन्हा जातो. संदेश न आल्याच्या आणि दोनदा आल्याच्या तक्रारी एकाच संकेतस्थळाबाबत एकाच दिवशी का येतात, याचे हे एक साधे स्पष्टीकरण आहे.

सेकंदाचे तुकडे

बारीक घड्याळ वापरले तर बरोबरी होणारच नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्याची थोडी तपासणी करणे योग्य ठरेल.

समजा, एका तासात ३,६०० अर्ज आले. सरासरीने सेकंदाला एक. म्हणजे प्रत्येकाला आपापला सेकंद मिळाला असे वाटेल. पण माणसे अशी समान अंतराने येत नाहीत. अर्ज स्वैरपणे येत आहेत असे धरून संभाव्यतेचे गणित केले, तर शंभरांपैकी सुमारे त्रेसष्ट अर्जांच्या सेकंदात आणखी किमान एक अर्ज असतो. घड्याळ सेकंदापुरतेच असेल, तर बरोबरी हा अपवाद नसून नियम ठरतो. तेच घड्याळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नेले, तर हे प्रमाण हजारात एकापर्यंत खाली येते. म्हणजे ३,६०० अर्जांत तीन-चार अर्ज तरीही एकाच क्षणाचे. हे झाले तासभर सारख्या वेगाने येणाऱ्या अर्जांचे. खिडकी उघडताच तुटून पडणाऱ्या गर्दीत हे आकडे किती तरी वाढतात.

शिवाय घड्याळ बारीक आहे म्हणून रकानाही बारीक असतो असे नाही. ओरॅकलमधील ‘डेट’ प्रकारचा रकाना सेकंदापर्यंतच वेळ ठेवतो. मायएसक्यूएलमध्ये सेकंदाचे अंश साठविण्याची सोय ५.६ या आवृत्तीत, म्हणजे २०१३ मध्ये सर्वांसाठी आली आणि आजही स्वतंत्रपणे सांगितल्याखेरीज रकाना पूर्ण सेकंदच ठेवतो. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या ‘डेटटाइम’ रकान्यात हजारावे भाग दिसतात खरे, पण ती संख्या सेकंदाच्या तीनशेव्या भागाशी जुळवून घेतलेली असते; त्यामुळे तिचा शेवटचा अंक ०, ३ किंवा ७ एवढाच असू शकतो. त्याच डेटाबेसमध्ये चक्क ‘टाइमस्टॅम्प’ नावाचा एक रकाना असून त्याचा घड्याळाशी काडीचाही संबंध नाही! तो नुसता वाढत जाणारा क्रमांक आहे. नावावरून समजूत करून घेणाऱ्या अनेकांची त्याने फसगत केली आहे. मौज अशी, की क्रम ठरविण्याचे काम तोच अधिक भरवशाने करतो.

घड्याळाचे सूक्ष्म भाग करण्यात शेअर बाजाराइतका पुढे कोणी गेला नसेल. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराच्या प्रणालीत वेळेचे एक एकक सेकंदाच्या ६५,५३६ व्या भागाचे आहे. बाजाराचा नियम प्रथम किंमत आणि मग वेळ. समान भावाच्या दोन मागण्यांत आधी आलेली आधी पूर्ण होते. तेथे क्षणाच्या अंशाला रोकड किंमत असल्यामुळे सर्व्हरजवळची जागा भाड्याने घेण्यापर्यंत दलालांची मजल गेली.

घरासाठी अर्ज करणाऱ्याला अशी जागा मिळत नाही. बोळिंजमधील फायबर जोडणीवरून कळ दाबणारा आणि जव्हार-मोखाड्याकडे मोबाइलच्या एका काडीवर अवलंबून असणारा, दोघांनी एकाच क्षणी कळ दाबली तरी अर्ज पोहोचण्याची वेळ निराळी. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर या वेगाने जातो. विरारहून वांद्र्याला पोहोचण्यास त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाचा पाव हिस्साही पुरतो. विलंब अंतराचा नसतो, तो जोडणीच्या दर्जाचा असतो. अर्जदाराच्या मोबाइलमधील वेळ धरावी, हा उपायही चालत नाही, कारण मोबाइलचे घड्याळ कोणालाही मागे करता येते. म्हणून सर्व्हरवर पोहोचण्याची वेळ हीच अधिकृत मानली जाते. ती सोयीची आहे. ती पूर्णतः न्याय्य आहे असे म्हणवत नाही.

आणि सर्व्हर तरी एक कोठे असतो? गर्दी वाटून घेण्यासाठी अनेक सर्व्हर एकाच वेळी काम करतात आणि प्रत्येकाचे घड्याळ किंचित पुढे-मागे असते. भारतात प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. संगणक सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा असलेल्या सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळवून ठेवायची आहेत. तरीही जुळवून घेतलेल्या दोन घड्याळांत काही अंशांचा फरक राहतोच. दोन यंत्रांवर घडलेल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे निव्वळ घड्याळे पाहून नेहमी सांगता येत नाही, हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या एका निबंधात दाखवून दिले. त्यावर त्यांनी सुचविलेला मार्ग घड्याळाचा नव्हे, तर मोजणीचा होता. संदेशासोबत क्रमांक पाठवायचा आणि तो वाढवत न्यायचा. आवक कारकुनाची वहीच ती, जरा व्यापक स्वरूपात.

घटना केव्हाची, नोंद केव्हाची

एकाच वेळेच्या अनेक ओळी येण्याचे आणखी एक कारण रोजच्या कारभारात सर्रास आढळते. माहिती एकगठ्ठा भरली जाते. एखाद्या केंद्रावर दिवसभर कागदावर अर्ज घेतले, सायंकाळी ते एका फाइलमध्ये टंकलिखित केले आणि ती फाइल एका दमात डेटाबेसमध्ये चढविली, तर सकाळी नऊला रांगेत उभा राहिलेला आणि दुपारी चारला आलेला, दोघांच्या ओळींवर सायंकाळी साडेसहाचाच शिक्का बसतो. डेटाबेसने खोटे सांगितलेले नसते. ओळ त्याच्याकडे आली ती साडेसहालाच. पण ‘प्रथम कोण’ या प्रश्नाचे उत्तर त्या शिक्क्यात नसते.

यासाठी वेळेचे दोन रकाने ठेवण्याची पद्धत आहे. घटना घडली ती वेळ एकात आणि ती नोंदविली गेली ती वेळ दुसऱ्यात. जन्ममृत्यूच्या दाखल्यावर जन्मतारीख आणि नोंदणीची तारीख अशा दोन तारखा असतात, त्यातलाच हा प्रकार. एकगठ्ठा चढविलेल्या ओळींची दुसरी वेळ सारखी असणे उलट उपयोगाचे ठरते. फाइल चुकीची होती असे नंतर कळले, तर त्या वेळेच्या सर्व ओळी एका आज्ञेत शोधता येतात. त्यासाठी गठ्ठ्याला स्वतंत्र क्रमांक देणे अधिक चांगले, कारण त्याच सेकंदात दुसऱ्या खिडकीवरून आलेली एखादी खरी ओळही नाहक त्यात सापडायची.

सर्वांत घातक चूक ती, की वेळेलाच ओळीची ओळख मानायचे. काही डेटाबेस असे आहेत, की त्यात त्याच नावाने आणि त्याच वेळेने दुसरी नोंद आली तर ती पहिलीच्या जागी बसते आणि पहिली निमूटपणे पुसली जाते. मीटरच्या वाचनांसारख्या नोंदींसाठी वापरला जाणारा इन्फ्लक्सडीबी याच रीतीने वागतो. यंत्राने तेच वाचन दोनदा पाठविले तर एकच राहावे, हा त्यामागचा हेतू. पाण्याच्या मीटरला हे चालून जाईल. अर्जांच्या बाबतीत मात्र एकाच वेळेचे दोन अर्ज म्हणजे एकच अर्ज असे मानले, तर एका कुटुंबाचे अस्तित्वच यादीतून नाहीसे होते आणि चूक झाल्याची खूणही मागे उरत नाही.

क्रमांकातील फटी

मग अनुक्रमांक दिला, की प्रश्न मिटतो का? बऱ्याच अंशी मिटतो. प्रत्येक ओळीला वेळेसोबत आपोआप वाढणारा क्रमांक द्यायचा आणि यादी आधी वेळेने, वेळ सारखी असल्यास क्रमांकाने लावायची. मग पाने कितीही वेळा उलटली, तरी नावे जागची हलत नाहीत.

परंतु या क्रमांकांचेही काही स्वभाव आहेत आणि ते माहीत नसले तर नसता संशय वाढतो. क्रमांक घेतला जातो ओळ घालायला सुरुवात होताना. पुढे पैसे भरण्यात अडथळा आला, व्यवहार रद्द झाला, तर ओळ नाहीशी होते, पण तो क्रमांक परत मिळत नाही. म्हणून अर्ज क्रमांक ४१२ नंतर एकदम ४१५ दिसला, याचा अर्थ मधले दोन अर्ज कोणी दडपले असा होतोच असे नाही. बँकेत टोकन घेऊन कंटाळून घरी गेलेल्यांचे टोकन क्रमांक कोणी दुसऱ्याला देत नाही, त्यातलाच प्रकार. तसेच अनेक सर्व्हर असतील, तर वेगासाठी प्रत्येकाला क्रमांकांचा एक गठ्ठा आगाऊ दिलेला असतो. एकाकडे १ ते २०, दुसऱ्याकडे २१ ते ४०. अशा वेळी दुसऱ्या सर्व्हरवर आधी आलेल्याला २१ आणि पहिल्यावर नंतर आलेल्याला ५ मिळू शकतो. तेथे क्रमांक ओळख पटविण्यापुरता खरा, क्रम सांगण्यापुरता नव्हे. ‘प्रथम प्राधान्य’ राबविणाऱ्या प्रणालीत असे आगाऊ गठ्ठे ठेवू नयेत, हे उघड आहे. वेग थोडा कमी झाला तरी चालेल.

विशिष्ट घर निवडायचे असेल, तेव्हा तर वेळ आणि क्रमांक या दोहोंपेक्षा कुलूप महत्त्वाचे ठरते. एका घरासाठी तक्त्यात एकच ओळ असू शकते, असा निर्बंध घातलेला असला, की दोन व्यवहार एकाच क्षणी त्याच घरावर आले तरी डेटाबेस एकालाच आत घेतो. दुसरा दाराशी थांबतो आणि पहिला पूर्ण झाला की त्याला नकार मिळतो. दोघांच्या टाइमस्टॅम्पमध्ये तसूभरही फरक नसला तरी निकाल एकच आणि ठाम असतो. सातव्या मजल्यावरचे एकच घर दोघांना विकले गेले, असा प्रकार टळतो तो घड्याळामुळे नव्हे, या निर्बंधामुळे. प्रोग्रामरने आधी ‘घर रिकामे आहे का’ असे विचारायचे आणि मग वेगळ्या आज्ञेने ओळ घालायची, अशी रचना केली आणि निर्बंध घातलाच नाही, तर दोघांनाही ‘रिकामे आहे’ असेच उत्तर मिळू शकते.

बरोबरी सोडवायची कशी

आता प्रश्न उरतो तो तंत्राचा नव्हे, नियमाचा. कुलुपाने एकाला आत घेतले, क्रमांकाने एकाला पुढे ठेवले. पण ज्यांचा अर्ज त्याच क्षणी आला होता त्यांना ते न्याय्य का वाटावे?

निवडणूक कायद्याने बरोबरीचा विचार आधीच करून ठेवला आहे. मुंबई महापालिकेच्या फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना समान मते पडली आणि चिठ्ठी काढून शहा विजयी ठरले. निकाल कोणाला आवडो न आवडो, बरोबरी झाल्यास चिठ्ठी काढली जाईल हे मतदानाच्या आधीपासून ठरलेले होते. घरांच्या वाटपात ‘प्रथम येणाऱ्यास’ या शब्दांखाली अशी एक ओळ असायला हवी. एकाच सेकंदात आलेल्यांत सर्व्हरने दिलेला क्रमांक धरला जाईल, किंवा त्यांच्यापुरती सोडत काढली जाईल, यांपैकी काहीही चालेल. ते आधी सांगितलेले असावे. सेकंदाच्या हजाराव्या भागाने कोणाच्या घराचा निर्णय व्हावा यापेक्षा चिठ्ठी अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती निदान आपण नशीब आहोत हे लपवीत नाही.

‘येणे’ म्हणजे नेमके काय, याचेही उत्तर नियमात हवे. नोंदणी केली तो क्षण, अर्ज सादर केला तो, की अनामत रक्कम मंडळाच्या खात्यात जमा झाली तो? या तीन क्षणांत कधी काही मिनिटांचे, कधी बँकेमुळे काही तासांचे अंतर पडते. सर्व्हरवर वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत ठेवली जाते. रात्री ११ वाजून ५९ मिनिटांचा अर्ज तेथे सायंकाळी ६ वाजून २९ मिनिटांचा दिसतो आणि पावतीवर छापताना साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर अर्जदार विनाकारण गोंधळतो.

अर्ज करणाऱ्याने त्यामुळे जाहिरातीतील अटी वाचताना हे तीन क्षण शोधावेत. पावतीवर अर्ज क्रमांक आणि सेकंदांसह वेळ छापली आहे का ते पाहावे. नसल्यास संगणकाच्या पडद्याचे छायाचित्र ठेवावे. बँकेच्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि त्याची वेळ निराळी जपावी, कारण ती दुसऱ्या संस्थेच्या घड्याळाने लावलेली असते आणि वाद झाल्यास तीच स्वतंत्र साक्ष ठरते. यादीत स्थान बदललेले आढळले, तर माहितीच्या अधिकाराखाली ‘माझा अर्ज मागे का’ असे विचारण्यापेक्षा यादी कोणत्या रकान्यांनुसार लावली आणि समान वेळेच्या अर्जांना कोणता नियम लावला, असे विचारावे. २००५ च्या त्या कायद्यानुसार कार्यालयाकडे असलेली लेखी माहिती ३० दिवसांत द्यावी लागते, आणि या दोन प्रश्नांची उत्तरे दोन ओळींत मावतात.